प्रबंधातून पेपर काढताना: लेखकांच्या यादीपासून समीक्षकांच्या उत्तरापर्यंत

प्रयोगवही

पीएच.डी.चं काम जर्नलला पाठवायचं म्हटलं की विभागात पहिला प्रश्न येतो, "साम्य किती टक्के आलं?" साम्य म्हणजे आपल्या मजकुराचं आधीच्या मजकुराशी सॉफ्टवेअरने मोजलेलं जुळणं. हा प्रश्न खरं तर शेवटाकडे यायला हवा. आधीच्या गोष्टी नीट झाल्या तर टक्केवारीची फारशी चिंता उरत नाही. त्या चुकल्या तर ४ टक्के साम्य असलेला पेपरसुद्धा मागे घ्यावा लागतो. मी सुरुवात करतो, ज्यांचा ज्यात हात बसलाय त्यांनी भर घाला.

पहिलं काम लेखकांची यादी ठरवायचं. लिहायला बसण्याआधी, आणि तोंडी नाही तर निदान एका ईमेलमध्ये. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, चार अटी घालते. कामाची आखणी, विदा (डेटा) गोळा करणं किंवा विश्लेषण यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्याची वैचारिक दुरुस्ती करण्यात सहभाग हवा. छापायच्या अंतिम प्रतीला मंजुरी हवी. आणि कामाबद्दल कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची जबाबदारी घ्यायला हवी. चारांपैकी तीन पुरत नाहीत. विभागप्रमुख असणं, यंत्र वापरू देणं, निधी आणणं किंवा नमुने पुरवणं यासाठी आभाराचा परिच्छेद असतो. उलट बाजूही लक्षात ठेवा: ज्या प्रकल्प-सहायकाने विश्लेषण केलं आणि मसुद्यावरही काम केलं, त्याचं नाव 'तो आता इथे नाही' म्हणून गाळता येत नाही.

बरीच जर्नल आता 'क्रेडिट' पद्धतीचं, म्हणजे कुणी कोणतं काम केलं याचं, विधान मागतात. त्यात १४ भूमिका आहेत: संकल्पना, पद्धती, सॉफ्टवेअर, विश्लेषण, विदेची देखभाल, मूळ मसुदा, पर्यवेक्षण, निधी वगैरे. जर्नलने मागितलं नसलं तरी हा तक्ता सुरुवातीलाच भरा. ज्याच्या नावापुढे नुसता 'निधी' उरतो त्याला आयसीएमजेईच्या अटीत बसवता येत नाही. गाईडना हे कोण सांगणार, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

ग्रंथालयाची_किल्ली

जर्नल निवडण्याबद्दल मी लिहिते, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि वर्षं इथेच वाया जातात.

आधी थोडा इतिहास, कारण जुनी माहिती अजून फिरते आहे. यूजीसीची 'मान्यताप्राप्त जर्नल'ची एक यादी होती. विद्यापीठांच्या शिफारशीवरून त्यात शिरलेल्या आणि कुठेही निर्देशांकित (इंडेक्स) नसलेल्या जर्नलांचा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांचा त्यात मोठा वाटा होता. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक जर्नल कमी दर्जाची असू शकतात, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल काढून टाकली. मग यूजीसीचीच नवी केअर यादी आली, २०१९ च्या जूनमध्ये, आणि तिचं कामकाज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. आता यूजीसीने जर्नल तपासण्यासाठी फक्त सूचक निकष दिले आहेत आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे.

तेव्हा आज एखाद्या जर्नलच्या मुखपृष्ठावर 'यूजीसी ॲप्रूव्हड' असा गोल शिक्का दिसला तर तो पात्रतेचा पुरावा नाही. तो न पाठवण्याचं कारण आहे.

मी तपासते तो क्रम असा. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक; त्याच्या पोर्टलवर तो आठ अंकी क्रमांक टाकायचा आणि नाव, देश, प्रकाशक जुळतात का ते बघायचं. हा क्रमांक मिळाल्याने दर्जा सिद्ध होत नाही, फक्त नोंदणी सिद्ध होते, हे लक्षात ठेवा. मग गेल्या दोन वर्षांतले चार-पाच पेपर उघडायचे आणि खरंच वाचायचे. मातीच्या सूक्ष्मजीवांवरच्या पेपरशेजारी संत साहित्यावरचा आणि जीएसटीवरचा पेपर असेल तर ते सगळे तपासणारा समीक्षक कोण असेल, हा प्रश्न स्वतःलाच विचारा. त्यानंतर संपादक मंडळातल्या दोघा-तिघांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन त्यांनी तिथे या संपादनाचा उल्लेख केलाय का ते पाहायचं. शेवटी पेपरखालचे डीओआय (प्रत्येक पेपरचा कायमचा डिजिटल ओळख-क्रमांक) चालतात का ते डीओआय डॉट ऑर्गवर टाकून बघायचं.

'इम्पॅक्ट फॅक्टर', म्हणजे जर्नलमधले पेपर सरासरी किती वेळा उद्धृत झाले, हा आकडा क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधूनच येतो. ग्लोबल, युनिव्हर्सल, सायंटिफिक असली विशेषणं पुढे लावून तसलेच आकडे विकणारे बरेच आहेत. अशा आकड्याच्या दशांश चिन्हापुढे तीन अंक मोठ्या अक्षरांत असले तरी हुरळून जाऊ नका.

दुपारची_चहा

काकू, स्कोपसमध्ये (जर्नलांच्या त्या मोठ्या डेटाबेसात) आहे म्हटल्यावर तरी बिनधास्त पाठवायचं ना? आमच्या व्हॉट्सॲप गटात 'स्कोपस गॅरंटीड, ४५ दिवसांत स्वीकृती' अशा जाहिराती रोज येतात.

ग्रंथालयाची_किल्ली

नाही. स्कोपसच्या स्रोत-यादीत जर्नलपुढे कोणत्या वर्षापर्यंत समावेश आहे ते लिहिलेलं असतं. काहींचा समावेश थांबवलेला असतो, पण जुनी पानं दिसत राहतात आणि तेवढ्यावर जाहिरात चालते. दुसरा धोका अपहृत जर्नलचा. खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन उचलून हुबेहूब दिसणारं बनावट संकेतस्थळ उभं केलेलं असतं. गूगलवर वर आलेल्या दुव्यावरून किंवा मेलमधल्या दुव्यावरून जाऊ नका. आयएसएसएन पोर्टल, जर्नल काढणाऱ्या संस्थेचं पान आणि तुमच्या ग्रंथालयातली डेटाबेसची नोंद, तीन ठिकाणचा पत्ता ताडून बघा. मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणारे 'रिट्रॅक्शन वॉच'वाले अशा अपहृत जर्नलांची यादी ठेवतात, तीही बघा.

आणि स्वीकृतीची तारीख आधीच सांगणाऱ्याने समीक्षा होणार नाही हेच सांगितलेलं असतं. त्या जाहिरातींत 'पहिल्या लेखकाची जागा' असा भाव लिहिलेला असेल तर तो 'पेपर गिरणी'तला, म्हणजे पैसे घेऊन बनावट पेपर पुरवणाऱ्या धंद्यातला, तयार माल आहे. हिंदावी या प्रकाशकाची जर्नल नावाजलेल्या डेटाबेसांत होती. तरी २०२३ मध्ये त्यांचे ८,००० हून जास्त पेपर मागे घ्यावे लागले.

प्रयोगवही

फीबद्दल एक वाक्य जोडतो. पैसे द्यावेच लागले तर ते स्वीकृतीनंतरच द्यावेत. लेखकाकडून काहीच न घेणारी चांगली जर्नल आपल्याकडे आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीची जर्नल त्यातलीच. डीओएजेवर (मुक्त जर्नलांची ऑनलाइन सूची) 'फी नाही' अशी चाळणी लावूनही शोधता येतं.

आकडेमोड

आता मसुद्याकडे येऊ. मला समीक्षेला येणाऱ्या पेपरांत तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या निकालात .००० दिसतं म्हणून 'पी = ०.०००' असं छापतात. पी म्हणजे खरा फरक नसताना केवळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता, आणि ती शून्य कधीच नसते, सॉफ्टवेअर तीन अंकांवर थांबतं इतकंच. 'पी < ०.००१' लिहा, आणि बाकी ठिकाणी ०.०३२ असा नेमका आकडा द्या. नुसतं '०.०५ पेक्षा कमी' म्हणू नका. दुसरं, प्लस-मायनसच्या पुढचा आकडा प्रमाण विचलन (एसडी) आहे की प्रमाण त्रुटी (एसई) हे लिहिलेलं नसतं. नमुना २५ चा असेल तर प्रमाण त्रुटी ही प्रमाण विचलनाच्या एक पंचमांश असते. आलेखातल्या दांड्या छोट्या दिसाव्यात म्हणून ती निवडायची आणि सांगायचं नाही, ही फसवणुकीच्या हद्दीजवळची गोष्ट आहे. तिसरं, वगळलेल्या नोंदी. २१२ जणांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि विश्लेषण १८७ चं केलं असेल तर उरलेले २५ का गळले ते पद्धतीच्या विभागात यायलाच हवं.

गृहीतक निकाल बघून बदलायचं आणि प्रस्तावनेत ते आधीपासूनच होतं असं लिहायचं, हे तर सर्रास चालतं. नंतर सुचलेलं विश्लेषण 'नंतर सुचलेलं' म्हणून छापायला काहीच हरकत नसते.

तांबडी_माती

नैतिकता समितीचं राहिलं. रुग्णांवर काम असेल तर सगळ्यांना माहीत असतं, पण शेतकऱ्यांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेणारे 'आम्हाला काय गरज' म्हणतात. बरीच जर्नल आता मंजुरीचा क्रमांक आणि तारीख मागतात आणि ती तारीख विदा गोळा करण्याच्या आधीची हवी असते. नंतर मागून मंजुरी मिळत नाही, आणि देणारी समिती सापडलीच तर तो आणखी मोठा घोळ. क्लिनिकल चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंद पहिला सहभागी घेण्याआधी व्हायला लागते. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंद स्वीकारत नाहीत.

संमतीपत्रात 'माहिती प्रकाशित होईल' हे वाक्य आहे का तेही बघा. गावाचं नाव, जात आणि वय एकत्र छापलं की छोट्या गावात माणूस ओळखू येतो, नाव लपवलं तरी.

लिपीकार

मराठीत पेपर लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण या कुठेच नीट लिहिलेल्या सापडत नाहीत.

जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमध्ये टंकलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर त्यात काहीच ओळखत नाही आणि अहवाल शून्य टक्के येतो. तो अहवाल जोडून 'पेपर मूळ आहे' म्हणणं निरर्थक आहे. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग पूर्ण वाचा. रूपांतरात रफार चुकीच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी एक अक्षर पुढे-मागे सरकते, 'ऱ्य' आणि 'र्य' एक होतात. दुसऱ्यांकडून घेतलेल्या अवतरणांत असं झालं तर तुम्ही मूळ मजकूर बदलून छापलात असा अर्थ होतो.

दुसरी गोष्ट भाषांतराची. इंग्रजी पेपरातला परिच्छेद मराठीत आणून संदर्भाशिवाय लिहिला तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअरला तो सापडणार नाही. विषयातल्या माणसाला दोन ओळींत सापडतो, कारण मराठी वाक्याची बांधणी इंग्रजीची असते. कल्पना, युक्तिवादाचा क्रम, वर्गीकरण यांचंही श्रेय द्यायचं असतं. 'मराठी संशोधन पत्रिका' किंवा 'भाषा आणि जीवन' अशा ठिकाणी वाचणारी माणसं मूळ ग्रंथ वाचलेली असतात.

टक्केवारीवाला

सगळं खरं, पण शेवटी विद्यापीठ टक्केच विचारतं. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी विनियमात स्पष्ट आहे: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० पहिला स्तर, ४० ते ६० दुसरा, ६० च्या वर तिसरा. पहिल्या स्तरावर विद्यार्थ्याला जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायला सांगतात, दुसऱ्यावर वर्षभर सादर करू देत नाहीत, तिसऱ्यावर नोंदणी रद्द. प्राध्यापकांच्या पेपरला दुसऱ्या स्तरापासून वेतनवाढ थांबते आणि नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. मग टक्क्यांना महत्त्व का नको?

प्रयोगवही

महत्त्व आहे. पण तोच विनियम नीट वाचा. संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, प्रमाण समीकरणं, कायद्यांची नावं हे सगळं मोजणीतून वगळायचं आहे. सामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळायचे आहेत. ग्रंथपालांनी या चाळण्या लावल्या नाहीत तर प्रामाणिक पेपर २३ टक्के दाखवतो. आणि उलट, एकाच पेपरातला निष्कर्षाचा पूर्ण परिच्छेद उचललेला असला तरी एकूण ६ टक्केच येऊ शकतात. म्हणून एकूण आकडा बघू नका, स्रोतानुसार बघा. एकाच स्रोताशी ३-४ टक्के साम्य असेल तर तो भाग उघडून वाचायलाच हवा.

पद्धतीच्या विभागात थोडं साम्य येणारच. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) किंवा केल्डाल (नत्र मोजणं) पद्धत वेगळ्या शब्दांत सांगण्याच्या नादात माणसं पायऱ्याच बदलून टाकतात.

ग्रंथालयाची_किल्ली

टक्के कमी करण्याच्या यंत्रांबद्दल सांगायलाच हवं. समानार्थी शब्द घालून देणारी ही साधनं इंग्रजीची जी दशा करतात ती २०२१ मध्ये संगणकशास्त्रातल्या काही संशोधकांनी शोधून काढली. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं, 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बोझम पेरिल'. आता असे शब्दप्रयोग शोधणारे संगणक-प्रोग्रॅमच चालतात आणि छापून झालेले पेपर त्यावरून मागे घेतले जातात. साम्य शून्य असून!

दुपारची_चहा

आणि चॅटजीपीटी?

ग्रंथालयाची_किल्ली

लेखक म्हणून नाव नाही, कारण जबाबदारी घेऊ शकत नाही. कोप या प्रकाशन-नैतिकतेच्या समितीची आणि आयसीएमजेईची, दोघांचीही २०२३ पासून हीच भूमिका आहे. भाषा सुधारायला वापरलं तर कुठे आणि कशासाठी ते जर्नलच्या नियमाप्रमाणे लिहा. संदर्भ मात्र त्याच्याकडून कधीच घेऊ नका. खऱ्या लेखकांची नावं, खऱ्या जर्नलचं नाव आणि अस्तित्वात नसलेला पेपर, असं मिश्रण ते देतं. प्रत्येक संदर्भाचा डीओआय उघडा आणि निदान सारांश तरी वाचा. आणि तुम्हाला समीक्षेला आलेला दुसऱ्याचा पेपर त्यात टाकू नका. तो गोपनीय मजकूर असतो.

सबमिट_बटण

प्रत्यक्ष पाठवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, मी लिहितो.

आधी सगळ्यांनी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख-क्रमांक, काढा, फुकट आहे, १६ अंकी. आपल्याकडे हा उपयोगी पडतोच, कारण गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव शेवटी असतं. तोच क्रम फॉर्ममध्ये भरला की डेटाबेस वडिलांच्या नावाला आडनाव समजतो. मग तुमचे पेपर तीन वेगवेगळ्या माणसांच्या नावावर विखुरतात. लग्नानंतर नाव बदललेल्यांना तर ऑर्किडशिवाय पर्यायच नाही.

नाव लपवून समीक्षा होत असेल तर शीर्षक-पान वेगळी फाइल करायची. मुख्य फाइलमधून नावं, संस्था, आभार, निधीचा क्रमांक आणि 'आमच्या आधीच्या अभ्यासात' अशी वाक्यं काढायची. वर्डमध्ये फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव राहतं, आणि ट्रॅक चेंजेसमध्ये गाईडचंही. 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवून ते पुसायचं.

आकृत्या वर्डमध्ये चिकटवून पाठवू नका, वर्ड त्यांना २२० पीपीआयपर्यंत (दर इंचाला पिक्सेल) दाबून टाकतं. एका स्तंभाची, म्हणजे ९ सेंटिमीटर रुंदीची छायाचित्राची आकृती ३०० डीपीआयला निदान १,०६३ पिक्सेल रुंद हवी. रेघांच्या आलेखाला बरीच जर्नल १,००० डीपीआय मागतात. जेलचं (डीएनए किंवा प्रथिनांचे पट्टे वेगळे केलेलं) किंवा सूक्ष्मदर्शकाचं चित्र उजळायचं असेल तर पूर्ण चित्र सारखं उजळा. एकच पट्टा उजळणं, दोन जेलमधले पट्टे शिवण न दाखवता जोडणं याला फेरफारच म्हणतात. मूळ, न कापलेली चित्रं जपून ठेवा. संपादक ती मागतात.

कव्हर लेटर एका पानाचं पुरे. त्यात पेपरचं शीर्षक, नवं काय आहे ते दोन-तीन वाक्यांत, सगळ्या लेखकांची मंजुरी, दुसरीकडे विचाराधीन नाही हे विधान, हितसंबंध आणि आधी कुठे काही अंशाने आलं असेल तर त्याचा उल्लेख. 'आदरणीय महोदय, आपल्या सुप्रतिष्ठित जर्नलमध्ये' वगैरे अर्धं पान वाया घालवू नका.

समीक्षकांची नावं सुचवायला सांगतात तिथे गाईडचे मित्र, अलीकडचे सहलेखक आणि स्वतःच्या संस्थेतले टाळा, आणि संस्थेचाच ईमेल द्या. खोटे ईमेल देऊन स्वतःच स्वतःची समीक्षा लिहिल्याची प्रकरणं उघडकीला आल्यावर स्प्रिंगरने २०१५ मध्ये एका झटक्यात ६४ पेपर मागे घेतले होते.

तांबडी_माती

'आधी कुठे आलं असेल' यावर विचारते. प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात) आहे, आणि कॉलेजच्या परिसंवादाच्या पुस्तकात एक प्रकरण छापलं गेलंय. चालेल?

सबमिट_बटण

शोधगंगेवरचा प्रबंध बहुतेक जर्नल आधीचं प्रकाशन मानत नाहीत, पण कव्हर लेटरमध्ये सांगा. साम्य-अहवालात तोच स्रोत लाल दिसणार, तेव्हा संपादकाला आधीच माहीत असलेलं बरं. अर्काइव्हवरच्या प्रीप्रिंटलाही (समीक्षेआधी खुली ठेवलेली प्रत) बहुतेकांची हरकत नसते.

परिसंवादाचं पुस्तक मात्र वेगळं. आयएसबीएन असलेल्या पुस्तकात पूर्ण पेपर आला की तो प्रकाशित झाला. नुसता सारांश आला असेल तर चालतं. पूर्ण आला असेल तर नवी विदा, नवं विश्लेषण घालून, जुन्याचा स्पष्ट संदर्भ देऊन वेगळा पेपर करावा लागतो. किती नवं हवं ते त्या जर्नलच्या संपादकाला विचारा. शीर्षक बदलून तोच पाठवला तर ते स्वतःचंच वाङ्मयचौर्य धरतात, आणि यूजीसीनेही २०२० मध्ये त्याबद्दल वेगळी सूचना काढली होती.

एक प्रबंध म्हणजे पाच पेपर असा हिशोब करून एकाच नमुन्याचे तुकडेही पाडू नका. प्रश्न वेगळा असेल तरच पेपर वेगळा.

टक्केवारीवाला

पीएच.डी.साठी पेपरची सक्तीच २०२२ च्या विनियमाने काढली, तरी विद्यापीठं आपापल्या नियमात ठेवतात. त्यामुळे तुकडे पडतातच. दोन जर्नलांना एकाच वेळी पाठवणारेही त्यामुळेच.

सबमिट_बटण

कारण समजतं, पण परिणाम बदलत नाही. दोन्हीकडे एकच समीक्षक निघण्याची शक्यता छोट्या विषयात खूप असते. उशीर होत असेल तर तीन महिन्यांनी संपादकाला एक साधा मेल लिहा. तरी हालचाल नसेल तर मागे घेत असल्याचं कळवा आणि मागे घेतल्याची लेखी पोच आल्यावरच पुढे पाठवा.

फसव्या जर्नलमध्ये पेपर अडकला आणि मागे घ्यायला पैसे मागत असतील तर देऊ नका. कॉपीराइट फॉर्मवर सही करू नका, तारखेसह मागे घेतल्याचा मेल पाठवा, सगळा पत्रव्यवहार जपा. नव्या जर्नलच्या संपादकाला ही हकिगत कव्हर लेटरमध्येच सांगा. हैदराबादच्या ऑमिक्स या प्रकाशकाविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या तक्रारीत पेपर मागे घेऊ न देण्याचाही मुद्दा होता. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना ५ कोटी १ लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला.

आकडेमोड

समीक्षकांना उत्तर देताना: त्यांचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा, खाली तुमचं उत्तर, आणि बदल कोणत्या पानावर कोणत्या ओळीत केला ते. 'सुधारणा केली आहे' एवढं पुरत नाही. पटलं नसेल तर नाही म्हणता येतं, कारण आणि संदर्भ देऊन. समीक्षकाने स्वतःचेच पाच पेपर उद्धृत करायला सांगितले आणि त्यांचा संबंध नसेल तर ते संपादकाच्या नजरेस आणा, मुकाट्याने घालू नका. पुनर्विश्लेषणात आकडा बदलला तर सारांश, तक्ता, आकृती आणि चर्चा, चारही ठिकाणी बदला. सारांशात जुना आकडा राहिलेले पेपर दर महिन्याला दिसतात.

दुपारची_चहा

छापून आल्यावर चूक सापडली तर?

आकडेमोड

स्वतःहून संपादकाला कळवा, कच्ची विदा आणि दुरुस्त तक्ता जोडून. निष्कर्ष टिकत असेल तर शुद्धिपत्र निघतं. टिकत नसेल तर पेपर मागे घेतला जातो आणि सूचनेत 'लेखकांच्या विनंतीवरून, चूक लक्षात आल्याने' असं कारण लिहिता येतं. हे वाक्य आणि 'विदा विश्वासार्ह नसल्याने' हे वाक्य यात नोकरीच्या मुलाखतीत फार फरक पडतो. कच्ची विदा मात्र तेव्हा हाताशी हवी. गाईडच्या जुन्या लॅपटॉपवर नको, झेनोडोसारख्या खुल्या विदा-साठ्यात डीओआयसकट ठेवलेली बरी.